घडवलेला उजेड

सहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये झेनॉन नावाचा एक वकील राहत होता. त्याचा शेजारी अँथेमियस. घराच्या बांधकामावरून की अशाच कशावरून दोघांचं बिनसलं, भांडण वाढत गेलं आणि बोलण्यात पटाईत असलेल्या झेनॉननं शेजाऱ्याला पार निरुत्तर केलं. अँथेमियस शब्दांचा माणूस नव्हता. तो गणिती होता, यंत्रविद्येतला जाणकार होता. त्यानं खालच्या खोल्यांत पाण्याची मोठमोठी भांडी मांडली, त्यांच्या तोंडावर चामड्याच्या नळ्या बसवल्या, नळ्यांची वरची टोकं झेनॉनच्या दिवाणखान्याच्या तुळयांना घट्ट जोडली आणि वर पाहुणे जमलेले असताना खाली जाळ घातला. वाफ कोंडली, तुळया थरथरल्या, भूकंप झाला म्हणून मंडळी रस्त्यावर धावली. तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा त्यानं किंचित खोलगट आरसा उन्हात धरून त्याची तिरीप झेनॉनच्या डोळ्यांत मारली आणि जोडीला ढग गडगडल्यासारखा आवाजही काढला.

ही हकिकत अगाथियस या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. तो पुढच्या पिढीतला, त्यामुळे तिला थोडं तिखटमीठ लागलेलं असणार. पण आरशाची गोष्ट अँथेमियसच्या स्वभावाला धरून आहे. त्याच्या एका ग्रंथाचा तुकडा आज उपलब्ध आहे आणि त्यातला पहिलाच प्रश्न असा: भिंतीतल्या एका लहान छिद्रातून आलेला सूर्यकिरण कोणत्याही ऋतूत, कोणत्याही प्रहरी एकाच ठरावीक जागी कसा पाडायचा? उत्तर लंबवर्तुळात आहे. छिद्र एका नाभीवर, हवी ती जागा दुसऱ्या नाभीवर आणि मधे लंबवर्तुळाच्या आकाराचा आरसा. किरण कुठल्याही कोनातून आला तरी आरशावरून उलटून त्याच जागी पोचणार. ही आकृती काढायची रीतही त्यानं दिली आहे. दोन खुंट्या ठोकायच्या, त्यांच्याभोवती दोरीचा सैल फास टाकायचा आणि दोरी ताठ धरून टोक फिरवत न्यायचं. शाळेत आजही लंबवर्तुळ याच युक्तीनं शिकवतात.

उन्हाला हव्या त्या जागी बसवू पाहणाऱ्या याच माणसाला सम्राट जस्टिनियननं जगातलं सगळ्यांत मोठं चर्च बांधायला सांगितलं.

निमित्त दंगलीचं झालं. जानेवारी ५३२ मध्ये रथशर्यतींच्या मैदानात दोन गटांच्या समर्थकांनी एकत्र येऊन सम्राटाविरुद्ध उठाव केला. ‘निका’ म्हणजे ‘जिंका’ अशी त्यांची आरोळी. शहराचा मध्यभाग जळाला आणि त्यात मोठं चर्चही गेलं. उठाव रक्तात बुडवला गेला. राखेतून पुरता धूर विरला नसेल तोवर, फेब्रुवारीतच, नव्या चर्चचा पाया घातला गेला. अँथेमियसच्या जोडीला मायलीटसचा इसिडोर हा दुसरा गणिती होता. दोघांपैकी एकही रूढ अर्थानं गवंडीकामातून वर आलेला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. पाच वर्षं दहा महिन्यांत काम उरकलं आणि २७ डिसेंबर ५३७ रोजी हागिया सोफियाचं उद्घाटन झालं. इमारतीचा अक्ष पूर्वेपेक्षा सुमारे ३३ अंश दक्षिणेला कललेला आहे. म्हणजे वेदीचं तोंड जवळपास वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे. उद्घाटनाची तारीख त्या दिवसानंतर लगेचची, हे नजरेआड करता येत नाही.

रोमन लोकांना घुमट नवा नव्हता. रोमच्या पँथिऑनचा घुमट चारशे वर्षं आधीचा, आणि त्यात प्रकाश येतो तो माथ्यावरच्या एकाच गोल भोकातून. ऊन तिथे खांबासारखं खाली उतरतं आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहतं. अँथेमियस आणि इसिडोरनं उलट केलं. माथा बंद ठेवला आणि घुमटाच्या पायथ्याशी, जिथे भार पेलायला सगळ्यांत जास्त वीट-चुना लागणार त्याच ठिकाणी, चाळीस खिडक्यांचं कडं फोडलं. खालून पाहणाऱ्याला उजेडापुढे खिडक्यांमधल्या फासळ्या दिसेनाशा होतात आणि एकतीस मीटर व्यासाचा घुमट कशावर टेकला आहे तेच कळत नाही. प्रोकोपियस या दरबारी इतिहासकारानं लिहिलं की घुमट जणू सोन्याच्या साखळीनं आकाशातून टांगला आहे. त्याचं दुसरं निरीक्षण अधिक मार्मिक आहे: इथला उजेड बाहेरच्या सूर्याकडून आलेला वाटत नाही, तो आतच उत्पन्न होतो असं वाटतं.

दरबारी लेखक खुशामत करणारच. आणि याच प्रोकोपियसनं दुसऱ्या, गुप्त पुस्तकात जस्टिनियनला राक्षस ठरवलं आहे. तरी हे वाक्य खुशामतीचं नाही, ते नीट पाहिलेलं आहे. खिडक्या उंचावर, जाड भिंतींत खोल, बहुतेक जागी माणसाच्या नजरेच्या रेषेबाहेर. आत आलेला किरण थेट खाली पडण्याआधी संगमरवरावर, सोन्यावर आपटून फुटतो, पसरतो. भिंतींना मार्माराच्या बेटावरचा राखाडी रेषांचा पांढरा दगड, थेसलीचा हिरवा, इजिप्तचा जांभळा. सगळे घासून गुळगुळीत केलेले. खिडक्यांच्या उतरत्या तळाशी चकचकीत पृष्ठभाग ठेवून तिथला प्रकाश मुद्दाम घुमटाच्या पोटावर फेकला असावा, असंही काही अभ्यासकांनी मांडलं आहे. ज्या गृहस्थानं आरशांवर ग्रंथ लिहिला त्याच्याकडून ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

या उजेडाला अर्थ मात्र कुणी दिला? तो एकट्या वास्तुविशारदांचा नव्हता. ख्रिस्ती श्रद्धेच्या निकाया इथल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ताला प्रकाशापासून जन्मलेला प्रकाश म्हटलं होतं. इसवी सन ५०० च्या सुमारास डायोनिसियस या उसन्या नावानं लिहिणाऱ्या एका सीरियन लेखकानं सगळी सृष्टीच एका उगमापासून पायरीपायरीनं उतरत येणारा प्रकाश म्हणून मांडली. त्याच सहाव्या शतकात एडेसा शहरातल्या पुरानंतर पुन्हा बांधलेल्या चर्चवर सीरियाक भाषेत एक स्तोत्र रचलं गेलं. त्यात छत म्हणजे आकाश आणि वेदीमागच्या तीन खिडक्या म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा, असा सरळ हिशेब मांडलेला आहे. हागिया सोफियालाही वेदीमागे तीन खिडक्या आहेत. त्यांच्याबद्दल पुढे एक लोककथा तयार झाली: खिडकी एक ठेवायची की दोन, यावर सम्राटाचं मत दर दिवशी बदलत होतं, गवंडी वैतागले, तेव्हा सम्राटाच्याच वेशात एक देवदूत आला आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावे तीन ठेवा म्हणून सांगून गेला. कथा नवव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांची. बांधकामाचा मालक आणि त्याचं बदलतं मत यांबद्दल मात्र ती अगदी खरी वाटते.

विश्वच एक छत असलेली वास्तू आहे, ही कल्पना त्या काळी हवेतच होती. त्याच दशकांत अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्यानं एक पुस्तक लिहिलं. पश्चिम भारतातल्या ‘कल्लिआना’ बंदराचा, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपल्या कल्याणचा, आणि तिथल्या इराणहून नेमलेल्या ख्रिस्ती बिशपचा उल्लेख त्यात येतो. या कॉस्मसच्या मते पृथ्वी सपाट होती आणि विश्व म्हणजे वर कमानदार झाकण असलेली एक पेटी. भूगोल म्हणून हे हास्यास्पदच. पण सकाळच्या प्रार्थनेला घुमटाखाली उभ्या राहणाऱ्याला ते पटायला जड गेलं नसेल.

आता सोन्याकडे वळू, कारण अर्धा उजेड सोन्याचा आहे. बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या या साम्राज्यातल्या, मोझेकमधलं सोनं भरीव नसतं. काचेच्या पातळ पत्र्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा, त्यावर कागदासारखी पातळ काच चढवायची, भट्टीत ताप देऊन तिन्ही एकजीव करायचं आणि गार झाल्यावर हातोडीनं नखाएवढे ठोकळे पाडायचे. वर्ख दोन काचांमध्ये बंद झाल्यामुळे तो झिजत नाही आणि काळवंडत नाही. मग ओल्या चुन्यात एकेक ठोकळा दाबून बसवायचा. खरी करामत इथे आहे. सगळे ठोकळे एका सपाटीत बसवले तर भिंत एका जागी झगमगते आणि बाकी काळी दिसते. म्हणून कारागीर ते कमीजास्त तिरपे बसवत. उंचावरच्या चित्रांत ठोकळ्यांचा वरचा काठ पुढे झुकवत, म्हणजे खिडकीचा प्रकाश त्यावरून उलटून खाली उभ्या माणसाकडे येई. मधेमधे चांदीचे ठोकळे पेरत, सोन्याचा पिवळेपणा थंड करायला. माणूस दोन पावलं चालला की आतापर्यंत विझलेला तुकडा पेटतो आणि पेटलेला विझतो. चित्रातली आकृती जागच्या जागी, पण तिच्यामागचं सोनं सतत हललेलं. जस्टिनियनच्या काळात हागिया सोफियात माणसांच्या आकृती नव्हत्याच. होते ते क्रूस, वेलबुट्टी आणि एकरांनी मोजावं इतकं सोनं.

घुमट मात्र वीस वर्षंच टिकला. आधीच्या भूकंपांनी खिळखिळा झालेला त्याचा पूर्वेचा भाग ७ मे ५५८ रोजी कोसळला आणि त्याखाली वेदीचा चुराडा झाला. अँथेमियस तोवर वारला होता. दुरुस्ती इसिडोरच्या पुतण्याकडे आली, त्याचंही नाव इसिडोर. पहिला घुमट फारच बसका होता आणि बाजूंना रेटा देत होता, हे ओळखून त्यानं नवा घुमट सहा-सात मीटर उंच उचलला. चाळीस खिडक्या बंद करून प्रश्न सोपा करण्याचा मोह त्याला झाला असेल. त्यानं त्या ठेवल्या. २४ डिसेंबर ५६२ रोजी, पुन्हा एकदा वर्षाच्या सगळ्यांत काळोख्या आठवड्यात, चर्च पुन्हा खुलं झालं.

त्या समारंभासाठी पॉल नावाच्या राजवाड्यातल्या अधिकाऱ्यानं हजारावर ओळींचं ग्रीक काव्य रचून वाचून दाखवलं. त्यात एक मोठा भाग केवळ रात्रीच्या दिव्यांना दिलेला आहे, आणि इतिहासकारांना तो सोन्याहून मोलाचा वाटतो. घुमटाच्या पायथ्याच्या दगडी कंगोऱ्यापासून लांब पितळी साखळ्या सोडलेल्या. त्यांना डोक्याच्या बऱ्याच वर चांदीच्या तबकड्या टांगलेल्या, तबकड्यांना भोकं पाडलेली आणि प्रत्येक भोकात काचेचा निमुळता पेला. पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यावर वात. कुठे तबकडीऐवजी क्रूस, कुठे चांदीची नाव, वेदीच्या कठड्यावर दिव्यांची झाडं. पॉल पुढे सांगतो की काळ्या समुद्राकडून किंवा एजियन बाजूनं येणारे नावाडी रात्री सप्तर्षींकडे न पाहता या चर्चच्या उजळलेल्या खिडक्यांकडे पाहून सुकाणू धरत. कवी आहे, बोलणारच. तरी शहराच्या टोकाला, उंचवट्यावर, समुद्राच्या तोंडाशी रात्रभर जळणारी ती इमारत डोळ्यांसमोर आणली की अतिशयोक्ती फारशी उरत नाही. अशा चांदीच्या तबकड्या प्रत्यक्ष पाहायला मिळतात: तुर्कस्तानात कुमलुजा गावाजवळ १९६३ मध्ये सापडलेल्या सहाव्या शतकातल्या खजिन्यात त्या आहेत. खजिन्याचा एक भाग अंताल्याला आहे, दुसरा वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहात.

एवढं तेल कोण घालत होतं, वाती कोण पुसत होतं, काजळी धरलेल्या शेकडो काचा कोण धूत होतं, त्यांची नावं पॉलनं दिलेली नाहीत. कवितेत त्यांना जागा नसते.

याच काळात इटलीतल्या राव्हेन्नात सान व्हिताले उभं राहिलं आणि तिथल्या सोनेरी भिंतीवर जस्टिनियन व त्याची सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह उभे राहिले. राव्हेन्नातलीच गाला प्लासिदियाची समाधी त्याहून शतकभर जुनी. तिच्या खिडक्यांतून मधाळ, पिवळसर उजेड झिरपतो आणि प्रवासी त्याला प्राचीन म्हणून भारावतात. त्या अलाबास्टरच्या झडपा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेल्या आहेत.

प्रकाशाचं चित्रण करणं मात्र वेगळी गोष्ट. त्याचा कस सिनाईच्या वाळवंटात लागला. मोझेसला जळतं झुडूप जिथे दिसलं असं मानतात, तिथे जस्टिनियननं मठाला तटबंदी आणि चर्च बांधून दिलं. आज तो सेंट कॅथरीनचा मठ. वेदीवरच्या अर्धघुमटात सहाव्या शतकातलं मोझेक आहे. विषय ख्रिस्ताच्या रूपांतराचा: डोंगरावर तीन शिष्यांसमोर त्याचं शरीर अचानक तेजानं झळाळलं, तो प्रसंग. पार्श्वभूमी सगळी सोनं. पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त मधोमध, त्याच्याभोवती निळं लंबगोल वलय आणि त्यातून निघालेले किरण थेट शिष्यांच्या अंगावरून गेलेले. किरण जिथून जातात तिथे त्यांच्या कपड्यांचे रंग फिके होतात. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण वलयाचा निळा बाहेरून आत पाहत गेलं की उजळत नाही, गडद होत जातो. तेजाच्या उगमापाशी सगळ्यांत काळोखा रंग. उसन्या नावाच्या त्या डायोनिसियसनं म्हटलंच होतं की परमेश्वराचा प्रकाश इतका प्रखर आहे की तो माणसाला अंधारच वाटतो. सिनाईच्या कारागिरानं ते पुस्तक वाचलेलं असो वा नसो, त्याच्याकडे ते सांगायला निळ्या काचेच्या चार छटा पुरल्या.

आठव्या-नवव्या शतकांत शंभराहून अधिक वर्षं प्रतिमा ठेवायच्या की फोडायच्या यावर साम्राज्य दुभंगलं. ८४३ मध्ये प्रतिमा परत आल्या. हागिया सोफियाच्या मुख्य दारावर मग ख्रिस्ताचं चित्र आलं, पायाशी लोटांगण घालणारा सम्राट, आणि ख्रिस्ताच्या हातातल्या उघड्या ग्रंथात तो स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो ते ग्रीक शब्द. सम्राट मिरवणुकीनं आत शिरताना याच दाराखालून जाई. स्वतःची जागा कुठे आहे हे त्याला दर वेळी मान वर करून पाहावं लागे.

दक्षिणेच्या सज्जातलं तेराव्या शतकातलं मोझेक त्याहून सरस. पश्चिमी धर्मयोद्ध्यांनी १२०४ मध्ये शहर लुटलं होतं. १२६१ मध्ये बायझंटाइन परत आले आणि त्या सुमारास हे काम झालं असं मानतात. मधे ख्रिस्त, दोन बाजूंना मेरी आणि बाप्तिस्मा देणारा योहान, माणसांसाठी मध्यस्थी करताना. भिंतीचा खालचा बराच भाग गेला आहे, चेहरे उरले आहेत. त्यांच्यावरच्या सावल्या पाहाव्यात. प्रकाश डावीकडून पडलेला आहे आणि खरी खिडकीही डावीकडेच आहे. कारागिरानं चित्रातला सूर्य आणि खिडकीतला सूर्य एकच धरला. मागच्या सोन्याचे ठोकळे साध्या ओळींत लावलेले नाहीत, खवल्यांसारख्या नक्षीत बसवले आहेत, त्यामुळे ऊन सरकत गेलं की सोन्यात लहरी उठतात. बायझंटाइन कलेला साचेबंद म्हणणाऱ्यांनी या भिंतीसमोर सकाळ घालवावी.

पुढच्या शतकात भांडण थेट प्रकाशावरूनच पेटलं. आथोस पर्वतावरचे काही संन्यासी श्वास आवरून, मान छातीकडे झुकवून, येशूचं नाव घेत बसत आणि त्या ध्यानात आपल्याला प्रकाश दिसतो म्हणत. कॅलाब्रियाहून आलेल्या बार्लाम या विद्वानानं त्यांना ‘बेंबीत जीव असलेले’ म्हणून हिणवलं. डोंगरावर शिष्यांना दिसलेला प्रकाशही इतर प्रकाशासारखा निर्माण केलेला, नाशवंत होता, असा त्याचा मुद्दा. संन्याशांच्या बाजूनं ग्रेगरी पालामास उभा राहिला. तो प्रकाश अनिर्मित आहे, परमेश्वराच्या शक्तीचाच आहे आणि माणसाच्या डोळ्यांना तो दिसू शकतो, असं त्यानं ठामपणे मांडलं. १० जून १३४१ रोजी या वादाचा निकाल लावायला धर्मसभा भरली ती हागिया सोफियातच. अध्यक्ष स्वतः सम्राट अँड्रोनिकस तिसरा. बार्लाम हरला. पाच दिवसांनी सम्राट वारला आणि साम्राज्य यादवीत सापडलं.

या सभेतला विरोधाभास सहसा कुणी बोलून दाखवत नाही. अनिर्मित प्रकाशाचा सिद्धांत ज्या छताखाली मान्य झाला, तिथली एकही तिरीप आपसूक आलेली नव्हती. लंबवर्तुळं काढणारा गणिती, काच तापवणारा भट्टीवाला, ठोकळा तिरपा दाबणारं बोट, वात वर सारणारा सेवक यांनी मिळून ती आणलेली होती. पालामासला यात काही वावगं वाटलं नसतं बहुधा. तरी त्याचे विद्वान श्रोते जे पाहून भारावत, त्यात गवंड्यांचा वाटा धर्मशास्त्र्यांइतकाच होता.

आणि गवंडीकामानं पुन्हा दगा दिला. १३४६ मध्ये घुमटाचा पूर्वेचा भाग परत कोसळला. तिजोरी रिकामी होती. मॉस्कोहून दुरुस्तीसाठी आलेली देणगी सम्राट जॉन कांताकुझेनोसनं भाडोत्री तुर्की सैनिकांना वाटली, असं इतिहासकार निकेफोरस ग्रेगोरास लिहितो. तो पालामासचा कट्टर विरोधक, त्यामुळे लेखणी धारदार आहेच. काम कसंबसं पुरं झालं. कांताकुझेनोस १३५४ मध्ये सिंहासन सोडून संन्यासी झाला आणि त्यानं धर्मावरच्या आपल्या लेखनाची एक देखणी प्रत करून घेतली. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या एका पानावर तो दोनदा दिसतो, सम्राटाच्या वेशात आणि संन्याशाच्या काळ्या कफनीत. दुसऱ्या पानावर डोंगरावरचा झळाळता ख्रिस्त.

१४५३ मध्ये शहर तुर्कांच्या हाती गेलं. वेढ्याच्या शेवटच्या दिवसांत घुमटाच्या खिडक्यांतून मोठा प्रकाश निघून आकाशात गेला, अशी कथा एका स्लाव्ह वृत्तांतात आहे. चर्चची मशीद झाली. १८४७ ते १८४९ या काळात सुलतान अब्दुलमजीदनं फोसाती या स्विस बंधूंकडून दुरुस्ती करवून घेतली. त्यांनी मोझेक उघडी केली, रेखाटनं घेतली आणि परत गिलाव्याखाली झाकली. १९३१ मध्ये अमेरिकेच्या थॉमस व्हिटमोरला परवानगी मिळाली आणि त्याच्या माणसांनी लहान छिन्न्यांनी, बोटभर बोटभर, तो गिलावा काढला. मधल्या काळात बंद पडलेला नमाज २०२० पासून तिथे पुन्हा होतो. शतकांच्या डागडुजीत उत्तर-दक्षिणेच्या भिंतींतल्या खिडक्या लहान झाल्या आहेत, त्यामुळे प्रोकोपियसनं पाहिला त्याहून आजचा उजेड नक्कीच कमी आहे.

दिव्यांची जुनी रीत पाहायची तर आथोसला जावं लागतं, म्हणजे पुरुषांनाच. स्त्रियांना तिथे प्रवेश नाही. मोठ्या सणाच्या आदल्या रात्री तिथल्या मठांत जागर असतो. घुमटाखाली पितळेचं मोठं कडं टांगलेलं असतं, त्यावर मेणबत्त्या लावतात. ठरलेल्या स्तोत्राला एक संन्यासी लांब काठी घेऊन येतो, कड्याला ढकलतो आणि मधलं झुंबर गरगरवतो. भिंतींवरच्या संतांच्या सावल्या झुलू लागतात. स्तोत्र संपेपर्यंत कडं हेलकावत राहतं, मग संन्यासी काठीनंच ते थांबवतो आणि दुसऱ्या काठीनं मेणबत्त्या एकेक करून विझवायला लागतो.